हातातली दोरी आणि दोनशे सहा हाडं

इयत्ता : सहावी-सातवी
विषय : सामान्य विज्ञान
घटक : अस्थिसंस्था आणि स्नायू



आजचा पाठ वाचायला लागण्याआधी एक छोटं काम करा. उजवा हात टेबलावर किंवा मांडीवर ठेवा, तळवा वर. आता अंगठ्याचं टोक आणि करंगळीचं टोक एकमेकांना टेकवा. तसंच धरून मनगट थोडंसं आपल्याकडे वाकवा. मनगटाच्या बरोबर मधोमध एक दोरी ताठ वर आलेली दिसते का? दिसली तर दुसऱ्या हातानं चाचपून बघा. आता हेच डाव्या हातावर करा.

बहुतेकांना ती दोरी दिसेल. काहींना एकाच हातावर दिसेल. आणि काहींना दोन्ही हातांवर शोधून सापडणार नाही. सापडली नाही तर घाबरू नका, पुढे वाचा. पाठ त्याच्यावरच आहे.

हा उपक्रम मी यंदा आमच्या शाळेत घेतला. आमची जिल्हा परिषदेची शाळा, भडगाव तालुक्यातली. सहावी-सातवी एकत्र बसवली होती. सगळी मुलं हात पुढे करून मनगटं वाकवत होती, एकमेकांच्या दोऱ्या दाबून बघत होती, वर्गात नुसता गोंधळ. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "मॅडम, मना हातमा नहीच शे! मनी नस कोठे गई?" झालं, सगळा वर्ग त्याच्याभोवती. कोणीतरी लगेच म्हणालं, "याना हातमा नसच नही!" मुलं हसली. तो मुलगा मात्र हसला नाही. त्यानं हात बाकाखाली घेतला.

त्याला काय सांगितलं ते पुढे येईलच. आधी हा उपक्रम मी घ्यायला का लागले ते सांगते, कारण मला स्वतःलाही दोन वर्षांपूर्वीपर्यंत यातलं काही माहीत नव्हतं. डी.एड.ला असताना हाडं दोनशे सहा एवढं पाठ केलं होतं, आणि नोकरी लागल्यावर तेच वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत होते.

गुडघ्याची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी आमची सातवीतली एक मुलगी खो-खो खेळताना गुडघ्यावर पडली. मैदानावर मीच होते. गुडघा खरचटला, थोडी सूज आली. घरच्यांनी तालुक्याबाहेरच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे एक्स-रे काढला. वाटीच्या म्हणजे गुडघ्याच्या वरच्या गोल हाडाच्या कोपऱ्यात एक तुकडा वेगळा दिसत होता. वाटी फुटली आहे, तार घालून बांधावी लागेल, असं त्यांना सांगितलं गेलं.

तिचे वडील कोरडवाहू शेतकरी. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवला होता. तो त्यांनी दुसऱ्याच दिवशी खेडा खरेदीवाल्याला मिळेल त्या भावानं देऊन टाकला. मी भेटायला गेले तेव्हा ती खोली रिकामी होती, कोपऱ्यात नुसते सरकी लागलेले पुंजके पडलेले. मला तोंड वर करून बोलता येईना. खेळ मीच घेतला होता.

ऑपरेशनआधी आणखी एकाला दाखवू, असं तिच्या मामांचं म्हणणं पडलं. जळगावच्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, मी सोबत होते. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला आणि बाजूला ठेवून दिला. मुलीला म्हणाले, "बाळा, पाय सरळ ठेवून वर उचल." तिनं उचलला. दुखलं, पण उचलला. मग त्यांनी कुठे दुखतं ते बोटानं दाबून पाहिलं, आणि दुसऱ्या, न पडलेल्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला सांगितला. आम्हाला वाटलं, चुकून बोलले. पण नाही.

दुसऱ्या गुडघ्याची वाटीसुद्धा तशीच होती. त्याच वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात तसाच तुकडा.

मुलीचं काहीच मोडलं नव्हतं. ती जन्माला आली त्या घडणीतच तिच्या वाट्या दोन भागांच्या होणार होत्या. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं : जन्मतः वाटी हाडाची नसतेच, ती कूर्चेची म्हणजे कानाच्या पाळीसारख्या मऊ पदार्थाची असते. साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड तयार व्हायला लागतं, आणि कधीकधी ते एकापेक्षा जास्त ठिकाणांहून सुरू होतं. पुढे हे भाग एकमेकांना जुळून एक हाड होतं. शंभरात एखाद-दुसऱ्या माणसात एक भाग जुळायचा राहून जातो. बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. एक्स-रे काढला की कळतं, आणि तो पडल्यावरच काढलेला असतो, म्हणून मोडल्यासारखं वाटतं.

मग ओळखायचं कसं? ताज्या मोडीची कड खडबडीत, धारदार असते, फुटलेल्या कपबशीसारखी. जन्मजात तुकड्याची कड गुळगुळीत, गोलसर असते, नदीतल्या गोट्यासारखी. आमच्या गिरणेच्या काठच्या मुलांना ही उपमा लगेच कळते. वाटी खरंच फुटून सरकली असेल तर सरळ पाय उचलणं सहसा जमत नाही. आणि दुसरी बाजू बघायची, कारण बऱ्याच जणांत हा प्रकार दोन्हीकडे असतो. एक सांगायला हवं, अशा दोन भागांच्या वाटीला मार लागून ती दुखूही शकते, आणि क्वचित उपचार लागतातही. त्यामुळे हे वाचून घरच्या घरी निदान करू नका. आमच्या मुलीला मात्र काही आठवडे विश्रांती पुरली. ती पुढच्या हंगामात परत खो-खोच्या पाटीवर होती.

कापूस गेला तो गेलाच.

त्या दिवशी निघताना मी डॉक्टरांना विचारलं, की असं आणखी कितीकांत असतं? ते हसले आणि म्हणाले, "मॅडम, हात पुढे करा." अंगठा-करंगळी टेकवायचा तो प्रकार मी पहिल्यांदा तिथे केला. माझ्या उजव्या हातात दोरी आहे, डाव्यात नाही. सदतीस वर्षं हे हात वापरतेय, मला पत्ता नव्हता.

दोरी म्हणजे नेमकं काय

इथे आधी भाषेचा एक घोळ सोडवावा लागतो. आपण बोलताना सगळ्यालाच 'नस' किंवा 'शीर' म्हणतो. नस चढली, नस दबली, नस कापली, शिरा ताणल्या. या चार वाक्यांत चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. वर्गात मी तीन शब्द वेगळे करून फळ्यावर लिहिते. रक्त वाहून नेते ती रक्तवाहिनी. मेंदूचा निरोप नेते आणि स्पर्शाची जाणीव परत आणते ती चेता, डॉक्टर जिला नर्व्ह म्हणतात. आणि स्नायूला हाडाशी बांधते ती पांढरी, चिवट दोरी म्हणजे कंडरा. टाचेच्या मागे चिमटीत धरता येते ती कंडरा मुलांना दाखवली की फरक लगेच पटतो. हा शब्दांचा घोळ किती महागात पडू शकतो ते थोडं पुढे येतं, म्हणून इथे वेळ घ्या.

मनगटावर मधोमध दिसते ती कंडरा आहे. तिच्या स्नायूचं नाव पाल्मारिस लाँगस. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यापासून तो निघतो, पोट बारीक असतं, आणि लांबलचक कंडरा होऊन तळव्याच्या कातडीखालच्या जाड पडद्याला जाऊन मिळतो. काम काय, तर मनगट वाकवायला थोडी मदत. तेच काम करणारे याच्याहून दणकट स्नायू शेजारी आहेतच. मुलं एक चूक हमखास करतात. अंगठ्याच्या बाजूला आणखी एक जाड कंडरा दिसते, तिलाच ही समजतात. ती जवळजवळ सगळ्यांना असते. आपली दोरी मधोमध आणि अगदी कातडीलगत असते.

पाश्चात्त्य देशांतल्या पाठ्यपुस्तकांत हा स्नायू साधारण शंभरात पंधरा लोकांना नसतो असं लिहिलेलं असतं. पण हे प्रमाण सगळीकडे सारखं नाही. आशिया आणि आफ्रिकेतल्या अनेक समूहांत तो नसणारे लोक याहून बरेच कमी सापडतात, आणि आपल्या देशातही प्रदेशाप्रदेशात आकडा बदलतो. नसला तर काय बिघडतं? मुठीची पकड मोजून पाहिली गेली आहे, तिच्यात लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही. काहींत हा स्नायू असतो पण उलटा, म्हणजे कंडरा वर आणि मांसल पोट मनगटाजवळ. काहींत दोन असतात.

आता तुम्ही म्हणाल, असला काय नि नसला काय, मग शिकवायचं कशाला? शस्त्रक्रिया करणाऱ्याला विचारा. ज्याच्यावाचून काही अडत नाही अशी लांब, मजबूत, सहज हाती लागणारी कंडरा म्हणजे त्याच्यासाठी शरीरातच ठेवलेली सुटी दोरी. कडबा कापायच्या यंत्रात किंवा काचेनं बोटाची कंडरा तुटली आणि टोकं जुळेनाशी झाली, तर ही काढून तिथे जोडता येते. पापणी खाली लोंबत असेल तर ती उचलून धरायला हिचा उपयोग करतात. अमेरिकेत १९७४ साली टॉमी जॉन नावाच्या बेसबॉल खेळाडूच्या कोपरातला तुटलेला बंध फ्रँक जोब या डॉक्टरांनी हीच कंडरा वापरून नव्यानं बांधला, आणि तो खेळाडू परत मैदानात उतरून पुढे कितीतरी वर्षं खेळला. ती शस्त्रक्रिया आजही त्याच्याच नावानं ओळखली जाते.

म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टर रुग्णाला अंगठा-करंगळी टेकवायला लावतात. पेशंटला वाटतं, गंमत करतायत. पण ही अर्ध्या मिनिटाची तपासणी टाळली तर काय होतं ते ऐका. या दोरीच्या अगदी खाली, तिच्याच रेषेत, मीडियन नर्व्ह जाते. अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटांची जाणीव तिच्यावर अवलंबून, अंगठा करंगळीकडे आणण्याची ताकदही तिच्यावर. ज्या हातात दोरीच नाही, तिथे छोटा छेद घेऊन आत दोरी शोधायला गेलं, की पहिली लांबट पांढुरकी गोष्ट हाती लागते ती हीच चेता. कंडरा समजून ती काढून घेतल्याचे प्रसंग जगभरच्या वैद्यकीय नोंदींत लिहिलेले आहेत. पाहणाऱ्याला फरक दिसतो, कंडरा चमकदार पांढरी आणि कडक, चेता पिवळसर, मऊ, अंगावर बारीक रक्तवाहिनी असलेली. पण छेद लहान असतो, घाई असते, आणि 'इथे दोरी असतेच' असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

आपल्याकडच्या हिशेबात सांगायचं तर अशा हातानं बोंडातून कापूस वेचता येत नाही, सदऱ्याचं बटण लागत नाही, तव्यावरची भाकरी बोटांना चटका लावते तरी कळत नाही. 'नस' आणि 'नस' यातला फरक तो एवढा.

कोंढव्याचे डॉक्टर

या दोरीची आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट मुलांना जरूर सांगा.

कुष्ठरोगात कोपराजवळची एक चेता, अल्नर नर्व्ह, खराब होते. तळहातातले बारीक स्नायू तिच्यावर चालतात. ते निकामी झाले की बोटं मुळाशी मागे जातात आणि मधल्या सांध्यांत वाकून राहतात, पक्ष्याच्या नखीसारखी. माझ्या आजोळी असे एक बाबा होते, मी लहान असताना. रोग कधीच बरा झालेला होता, गोळ्या बंद झालेल्या होत्या, पण बोटं सरळ होत नव्हती म्हणून लोक त्यांच्या हातून पाणी घेत नसत. रोग जिवाणूंचा, तो औषधानं जातो. वाकलेला हात मात्र मागे राहतो, आणि लोक हात बघतात.

डॉ. नोशीर अँटिया हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. इंग्लंडला जाऊन सर हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकून आले. परत आल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी अशा रुग्णांवर काम केलं, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. तिकडे दक्षिणेत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा हातांसाठी कंडरा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन जोडायच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या होत्या. प्रश्न असा असायचा, की निकामी स्नायूंचं काम करायला चालता स्नायू आणायचा कुठून? कुठूनही आणला तरी तिथे काहीतरी कमी पडणार. डॉ. अँटियांनी पाल्मारिस लाँगस वापरला. तो काढल्यानं हाताचं काही जात नाही. त्याच्या कंडरेला शरीरातल्याच दुसऱ्या जागेची पट्टी जोडून लांब करायचं, तिच्या चार शेपट्या करायच्या आणि एकेक शेपटी एकेका बोटाला नेऊन बांधायची. १९६९ मध्ये त्यांनी याबद्दल हाताच्या शस्त्रक्रियांना वाहिलेल्या नियतकालिकात लिहिलं.

शस्त्रक्रियेनंतरचा भाग मला शिक्षिका म्हणून फार आवडतो. तो स्नायू जन्मभर मनगट वाकवायला शिकलेला. आता त्याला बोटांचं काम शिकवायचं. रुग्ण आठवडेच्या आठवडे सराव करतो, आणि मेंदू हळूहळू त्या स्नायूला नवीन धडा देतो. पुनरध्ययन म्हणतात ते हेच असावं!

पण बघा, ही सगळी योजना त्या दोरीवर उभी आहे. ज्या रुग्णाच्या हातात दोरीच नाही, त्याच्यासाठी दुसरा स्नायू निवडावा लागतो, शस्त्रक्रियेची सगळी आखणी बदलते. आणि गंमत म्हणजे ब्रँड यांच्या पद्धतीत शेपट्या करायला पोटरीतली प्लँटॅरिस नावाची बारीक कंडरा घेत, तीसुद्धा काही लोकांच्या पायात नसते. एक दोरी नाही म्हणून दुसरी शोधावी, तर ती पण नाही! म्हणून आधी तपासायचं, मग आखायचं, मग कापायचं.

डॉ. अँटिया नंतर खेड्यातल्या आरोग्याकडे वळले. रायगड जिल्ह्यात मांडवा भागात गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचं काम त्यांच्या संस्थेनं केलं. तो वेगळा पाठ होईल.

दोनशे सहा खरंच का?

आता पाठ्यपुस्तकाकडे येऊ. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडं, हे परीक्षेत लिहायचं ते लिहायचंच. पण वर्गात एक प्रश्न टाकून बघा : कोणी मोजली, आणि कोणाची?

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. चरकसंहितेत हाडं ३६० सांगितली आहेत. सुश्रुतसंहितेत शल्यतंत्राच्या मतानं ३००. दोघांत चूक कोण? मोजायचं काय यावर ते आहे. चरकाच्या गणतीत दात आणि नखंही धरलेली आहेत. सुश्रुतात तर देह सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवून, मग तो थर थर घासत आतलं सगळं डोळ्यांनी बघावं, असं सांगितलं आहे. नवजात बाळात साधारण तीनशे हाडं धरतात, ती जुळत जुळत मोठेपणी कमी होतात. म्हणजे पहिलीतल्या मुलाची हाडं शिक्षकापेक्षा जास्त. हे सांगितलं की पहिलीतली मुलं भलतीच खूश होतात.

आणि २०६ मध्ये सगळंच धरलेलं नाही. कंडरेच्या आत तयार होणारी छोटी हाडं असतात, इंग्रजीत त्यांचं नाव तिळावरून पडलेलं आहे, कारण ती तिळाएवढी. पायाच्या अंगठ्याखाली प्रत्येक पायात अशी दोन असतात. ती २०६ मध्ये नाहीत. पण गुडघ्याची वाटी याच जातीतली, ती मात्र मोजतात. काहींच्या गुडघ्याच्या मागेही असं एक हाड असतं, काहींच्या नसतं. संक्रांतीच्या आसपास हा पाठ आला तर तीळ हातात देऊन शिकवा.

आकडा बदलण्यात धोका कुठे आहे, ते पाठीच्या कण्यात नीट दिसतं. कमरेचे मणके पाच. त्यांच्या खाली माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड, ते पाच मणके जुळून झालेलं. काही लोकांत कमरेचा शेवटचा मणका त्या त्रिकोणी हाडाला चिकटलेला असतो, मग कमरेत चारच दिसतात. काहींत उलट, त्रिकोणी हाडातला वरचा मणका सुटा राहतो आणि सहा दिसतात. रुग्णाला कमरेत किंवा चालण्यात फरक जाणवेलच असं नाही. पण गादी सरकून चेता दबली आहे आणि शस्त्रक्रिया करायची आहे, अशा वेळी एका डॉक्टरनं वरून मोजत चौथा म्हटलेला मणका दुसऱ्यानं खालून मोजत पाचवा म्हटला, तर चाकू चुकीच्या मजल्यावर पडेल. म्हणून शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुन्हा एक्स-रे घेऊन मणका पक्का करतात, आणि कण्याचा फक्त खालचा तुकडा नाही तर वरपासून मोजणी करतात. एस.टी.चे थांबे मोजण्यासारखंच आहे हे. मधला एक थांबा बंद झाला असेल तर 'पाचव्या थांब्यावर उतर' म्हणून पाठवलेला पाहुणा भलतीकडेच उतरणार. थांब्याचं नाव विचारावं लागतं.

आणखी काही प्रकार थोडक्यात. काहींच्या मानेत शेवटच्या मणक्यातून एक जास्तीची बरगडी निघते. ती हाताकडे जाणाऱ्या चेतेला आणि रक्तवाहिनीला दाबू शकते, आणि डोक्यावर-हातात ओझं वाहणाऱ्या बाईच्या हाताला मुंग्या येतात. आपण 'अशक्तपणा' म्हणून टाळतो. छातीवर उरोस्थीच्या बाजूनं उभा जाणारा एक जास्तीचा स्नायू थोड्या लोकांत असतो, आणि स्तनांच्या तपासणीच्या एक्स-रेमध्ये तो गाठीसारखा दिसू शकतो. कुल्ल्यातली मोठी सायटिक नर्व्ह बहुतेकांत एका स्नायूच्या खालून बाहेर येते, काहींत तिचा अर्धा भाग त्या स्नायूला भेदून येतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेत हे आधीच ध्यानात ठेवावं लागतं.

डॉक्टर हे शिकतात कुठे

पुस्तकातल्या चित्रात एकच हात असतो. तो कोणाचा तरी एकाचा असतो, किंवा खरं तर कोणाचाच नसतो, अनेक हातांवरून काढलेला असतो. फरक दिसतो तो खऱ्या देहांवरच. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाची मुलं शवविच्छेदन करतात तेव्हा या टेबलावर दोरी सापडते, शेजारच्या टेबलावर सापडत नाही, आणि सगळी मुलं तिथे बघायला जमतात. तिथे एकदा बघितलेला डॉक्टर पुढे छेद घेताना 'असेलच' असं धरून चालत नाही.

आपल्या खान्देशात धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बरंच जुनं, आणि जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकायला देह लागतात. १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याप्रमाणे बेवारस देह महाविद्यालयांना देता येतात, आणि कोणी जिवंतपणी लिहून ठेवलं असेल तर मृत्यूनंतर घरचे देहदान करू शकतात. हा विषय मुलांसमोर काढावा की नाही यावर आमच्या स्टाफरूममध्ये वाद झाला. माझं मत, सातवीला काढावा, सहावीला नाही, आणि पालकसभेत तर नक्की काढावा. आमच्या पालकसभेत एक आजी म्हणाल्या, "मरेल माणूसनं शरीर फाडीसन काय शिकतस?" मी त्यांना हात पुढे करायला सांगितला. त्यांच्या दोन्ही हातांत दोरी होती. शेजारच्या त्यांच्या सुनेच्या एकाच हातात. आजी बराच वेळ दोन्ही मनगटं धरून बसल्या होत्या. देहदानाचा अर्ज भरला असं नाही, पण प्रश्न परत विचारला नाही.

वर्गात घेताना

उपक्रम घ्याल तेव्हा काही गोष्टी माझ्या अनुभवावरून सांगते. गुटगुटीत मनगटाच्या मुलांत दोरी असली तरी दिसत नाही, बोटानं चाचपावी लागते. तरीही कळलं नाही तर 'कळले नाही' असा चौथा रकाना ठेवा : दोन्ही हातांत, एका हातात, दोन्हींत नाही, कळले नाही. मुलांना तो चौथा रकाना फार आवडत नाही, त्यांना उत्तर हवं असतं. पण खरं निरीक्षण असंच असतं. जोडीनं तपासायला लावा, एकानं बघितलेलं दुसऱ्यानं परत बघायचं. घरी जाऊन आई-वडील, आजी-आजोबा यांचे हात बघून यायला सांगा, म्हणजे गणिताच्या तासाला स्तंभालेख काढायला माहितीही मिळते.

'नसणे' हा शब्द मात्र जपून वापरा. मी पहिल्या वर्षी रकान्याचं नाव 'नाही' ठेवलं होतं आणि ते चुकलं. मुलं लगेच त्याचं चिडवणं करतात. शिवाय ज्या मुलांना खरोखर हाताचं अपंगत्व आहे, त्यांच्यासमोर हा उपक्रम आधी त्यांच्याशी एकट्यानं बोलूनच घ्या.

आणि पालकांनो, तुमच्यासाठी एवढंच. एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआय यांचे जुने रिपोर्ट टाकून देऊ नका, एका पिशवीत ठेवा. कोणी कधी सांगितलं असेल, की तुमच्या मुलाचा एक मणका जोडलेला आहे, वाटी दोन भागांची आहे, बरगडी जास्त आहे, तर ते त्याच पिशवीत एका कागदावर लिहून ठेवा आणि दवाखाना बदलला की नव्या डॉक्टरला आधी दाखवा. ऑपरेशन सांगितलं आणि घाईचं नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

तर तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाचं. मी त्याला पुढे बोलावलं आणि माझा डावा हात त्याच्या हाताशेजारी टेबलावर ठेवला. अंगठा-करंगळी टेकवली, मनगट वाकवलं. दोघांच्याही मनगटावर काहीच आलं नाही. मुलं वाकून बघत होती. मग मी त्याला विटी-दांडू कोणत्या हातानं खेळतोस ते विचारलं. तो म्हणाला, दोन्ही. वर्गात त्याच्याएवढी लांब विटी कोणी मारत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या आठवड्यात त्यानं गल्लीतल्या सगळ्यांची मनगटं तपासली. वहीच्या मागच्या पानावर चार रकाने आखून आणले होते. चौथ्या रकान्यात त्याच्या आजोबांचं नाव होतं, आणि पुढे लिहिलं होतं : 'हात जाड, परत बघायचे.'